लेकरांच्या चालीने

शास्त्रवाचन : उत्पत्ती ३३:१-१७, प्रेषितांची कृत्ये २१:१-६

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे समुद्र नाही, बंदर नाही. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील कित्येक लेकरांना जहाज ठाऊक असते ते चित्रांतूनच. मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या सागरी सफरी सुरू झाल्या आणि गोवा, कोची, लक्षद्वीप येथे जहाजाने सहकुटुंब जाण्याची वाट खुली झाली. अशा सफरीत जहाज बंदराला लागले की प्रवासी काही तासांपुरते किनाऱ्यावर उतरतात आणि ठरलेल्या वेळी परततात.

वाचकहो, तान्ह्या व लहान मुलांना घेऊन किनाऱ्यावर उतरणाऱ्या आईबापांसाठी हे थोडे तास आनंदाचे असतात, तसेच कसोटीचेही असतात. वर्षभर शाळा, कचेरी आणि रस्त्यावरील वाहनांची कोंडी यांत घड्याळाच्या काट्यावर धावलेले कुटुंब येथेही धावू लागते. इतका खर्च करून आलो, तेव्हा सारे पाहून घ्यावे, असे वाटते. दुपार होता होता लेकरू रडकुंडीला येते, आईचा धीर सुटतो, वडिलांचा आवाज चढतो. ज्या सहवासासाठी घर सोडले, तोच सहवास हातचा जातो. हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. परंतु आपण कोणाच्या गतीने चालतो, हा प्रश्न क्षुल्लक नाही. पवित्र शास्त्रातील दोन उताऱ्यांच्या प्रकाशात त्याचा विचार करू.

१. याकोबाचे उत्तर

वीस वर्षांनंतर याकोब व एसाव या भावांची भेट झाली. एसावाने आपुलकीने सुचविले की, आता आपण बरोबरच पुढे जाऊ. याकोबाने नम्रपणे नकार दिला. मुले सुकुमार आहेत, दूध पाजणारी जनावरे सोबत आहेत; एक दिवस जरी त्यांना फाजील दामटले तरी कळप मरून जाईल, असे त्याने सांगितले. तू पुढे हो, मी गुराढोरांच्या व मुलांच्या चालीने सावकाश येतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे (वचने १३-१४).

याकोबाच्या मनात भावाविषयीची भीती पुरती मावळली नसावी, असे येथे म्हणता येईल. कारण सेईरास येतो असे सांगून तो सुक्कोथास गेला. त्याच्या हेतूत भेसळ असेल, तरी त्याने सांगितलेले तत्त्व खोटे ठरत नाही. काफिल्याची चाल बलवानाने ठरवायची नसते. सर्वांत दुर्बळ जो, त्याच्या पावलांनी ती ठरायची असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याकोबाने एसावाला थांबवून धरले नाही. त्याला पुढे जाऊ दिले. सहलीत दुसरी कुटुंबे बरोबर असतात. कोणाची मुले मोठी असतात, कोणाला मुले नसतात. त्यांच्याबरोबर राहण्याच्या भिडेपोटी आपण लेकरांना फरफटत नेतो. अशा वेळी मोकळ्या मनाने म्हणावे, “तुम्ही पुढे व्हा, आपण संध्याकाळी जहाजावर भेटू.” यात स्नेहाला बाध येत नाही.

२. सोरचा किनारा

दुसरा उतारा तर प्रत्यक्ष जहाजाचाच आहे. पातरा येथून निघालेले पौलाचे जहाज कुप्र बेट डावीकडे टाकून सोर बंदराला लागले. तेथे माल उतरवायचा होता. थांबण्याचे कारण पौलाचे नव्हते, जहाजाचे होते. पण मिळालेला वेळ कसा वापरायचा, हे पौलाच्या हाती होते. सोर हे प्राचीन, नामांकित नगर. तथापि त्याने तेथे काय काय पाहिले, याविषयी लूक एक अक्षरही लिहीत नाही. त्यांनी शिष्यांना शोधून काढले आणि त्यांच्याकडे ते सात दिवस राहिले, एवढेच तो सांगतो.

निरोपाच्या वेळी सर्व बंधुजन बायकामुलांसह नगराबाहेर आले. त्यांनी किनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना केली (वचन ५). लूकने मुलांचा उल्लेख गाळला नाही, हे विशेष होय. पुढे पौलावर येणाऱ्या संकटाची छाया त्या निरोपावर होती. ती सारी चर्चा मुलांना कळली नसेल. पण आपले आईबाप उघड्या वाळूत गुडघे टेकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मुलांचे पुष्कळसे शिक्षण असेच होते. आपण त्यांना काय दाखविले, यापेक्षा त्यांच्यादेखत आपण कसे वागलो, हे त्यांच्या मनावर खोल ठसते.

३. तालीम लालबागेत

आता या शिकवणीचा व्यवहार पाहू. सफरीपूर्वी एखाद्या शनिवारी मुलांना लालबागेत न्यावे. ही बाग सुमारे २४० एकरांची आहे; तेथील कोट्यवधी वर्षांच्या प्राचीन खडकावर केंपेगौडाचा बुरूज उभा आहे. मूल आपल्या पायांनी किती वेळ चालते, कडेवर घे असे केव्हा म्हणते, भूक किती वाजता लागते, याची नोंद करावी. मग किनाऱ्यावरील बेत त्याच्या निम्म्याने आखावा. बंगळूरच्या थंड हवेत वाढलेल्या मुलांना किनारपट्टीचा दमट उकाडा सोसत नाही. तेथे घाम फार जातो आणि थकवा लवकर येतो. पिण्याचे पाणी, टोपी, जलसंजीवनीची पुडी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड जवळ असावा. उन्हाचा कडाका सुरू होण्यापूर्वी बाहेर पडावे आणि दुपारच्या झोपेच्या वेळी मूल जहाजावर किंवा निदान सावलीत असावे.

४. एकच ठिकाण

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागते. तेथून जुने गोवे रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर आहे. एकाच दिवसात जुने गोवे, पणजी, बाजार आणि समुद्रस्नान असा बेत केला, तर मुलांचा बराचसा दिवस गाडीतच जाईल. त्याऐवजी एकच ठिकाण निवडावे. मुले अगदी लहान असल्यास जवळचा बोगमाळोचा किनारा पुरेसा आहे. वाळू आणि लाटा यांपलीकडे त्यांना काही नको असते. पाण्याजवळ मात्र एका मोठ्या माणसाची नजर सतत मुलावर असावी. ती जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवून घ्यावे.

मुले थोडी मोठी असतील, तर जुन्या गोव्याला जावे. तेथील बॉम जेझू बॅसिलिकेत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. मुलांना शिल्पकलेचा इतिहास सांगत बसू नये. एकच गोष्ट सांगावी. १५४२ मध्ये गोव्यात आलेले झेवियर लहान घंटा वाजवीत रस्त्यांतून फिरत आणि मुलांना व गुलामांना ख्रिस्ती शिक्षणासाठी बोलावीत. आपल्यासारख्या लेकरांसाठी एक मोठा माणूस रस्त्यावर उतरला होता, एवढे मुलांच्या ध्यानात राहिले तरी ती भेट सफल झाली. मग क्षणभर शांत बसून एक लहानशी प्रार्थना करावी आणि परत फिरावे.

५. जहाजाची वेळ

सावकाश चालणे म्हणजे गाफील राहणे नव्हे. जहाजावर परतण्याची वेळ ही जहाज सुटण्याच्या वेळेच्या आधीची असते आणि उशिरा येणाऱ्यांसाठी जहाज थांबेलच असे नाही. म्हणून परतीला हाताशी मोकळा वेळ ठेवावा. ओळखपत्रे व जहाजाचे कार्ड एकाच व्यक्तीने सांभाळावे. मुलाच्या खिशात आईवडिलांचा दूरध्वनी क्रमांक व जहाजाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. जेथे मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही, तेथे लहान बोटीतून किनाऱ्यावर जावे लागते. मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मागून घेण्यात संकोच करू नये. बेत लहान असला म्हणजे वेळ पाळणे सोपे जाते.

प्रभु येशूकडे मुलांना आणले, तेव्हा शिष्यांनी आणणाऱ्यांना दटावले. प्रभूला मात्र त्याचा राग आला आणि त्याने मुलांना कवेत घेतले (मार्क १०:१३-१६). त्याच्यापुढे यरुशलेमेची वाट होती, वधस्तंभ होता. तरीही मुले त्याला वाटेतली अडचण वाटली नाहीत. वाचकहो, सफरीतील काही तास असोत वा घरातील रोजची सकाळ असो, आपल्या लेकरांची लहान पावले आपली वाट अडवीत नाहीत. त्या दिवसापुरती तीच आपली वाट असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कुटुंबाची गती कोण ठरवितो? त्यामुळे मागे कोण पडतो?
२. एसावाला पुढे जाऊ देणे आपल्याला कोठे कठीण जाते?
३. सोरच्या मुलांनी आपल्या वडीलधाऱ्यांना गुडघे टेकलेले पाहिले. आपली मुले आपल्याला कोणत्या स्थितीत पाहतात?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, आमच्या धांदलीची आम्हांला क्षमा कर. जी लेकरे तू आमच्या हाती सोपविली आहेत, त्यांच्या चालीने चालण्याचा धीर आम्हांला दे. घरी आणि प्रवासात, जमिनीवर आणि पाण्यावर तू आम्हांबरोबर चाल. येशूच्या नावाने मागतो. आमेन.