आठवडा छोटा, प्रश्न मोठा : कामाचे दिवस कमी केले तर काय होतं, आणि ते शोधायला पैसे कोण देतं?

(इयत्ता ८ वी ते १० वी – समाजशास्त्र, गणित आणि प्रकल्पकार्य यांना जोडून घेता येईल असा पाठ)



शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं हमखास विचारतात, "सर, तहसीलला आज सुट्टी, मग आपल्यालाच शाळा का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात इतिहास आहे, गणित आहे, कायदा आहे आणि संशोधन कसं होतं याचा एक चांगला धडाही आहे. आज तोच धडा आपण क्रमाने पाहू.

१. रविवारची सुट्टी आपोआप मिळाली नाही

रविवारची सुट्टी पूर्वीपासून होतीच, असं मुलांना वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत तशी परिस्थिती नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे त्यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन ठेवलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर इजा झाली तर मदत, अशा त्यात मागण्या होत्या. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

इथे थोडं थांबा आणि मुलांना विचारा : लोखंड्यांकडे संशोधनासाठी कोणाचं अनुदान होतं का? नव्हतं. तरी त्यांनी पुरावा गोळा केला. ५,५०० सह्या हाही एक प्रकारचा पुरावाच आहे. पण सह्यांवरून लोकांना काय हवं आहे एवढंच कळतं. सुट्टी दिल्यावर प्रत्यक्षात काय होतं हे सह्यांतून कळत नाही. ते कळायला मोजणी लागते, आणि मोजणीला पैसा लागतो.

२. दिवस आणि तास : गणिताचा तास

कायद्याचा प्रवास फळ्यावर लिहा. प्रौढ कामगारांची आठवड्याची मर्यादा १९२२ मध्ये ६० तास झाली, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत ५४ आणि १९४६ मध्ये ४८. या शेवटच्या टप्प्याच्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात ४८ तास कायम राहिले.

आता आपल्या राज्याचं अलीकडचं उदाहरण. १२ फेब्रुवारी २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कर्मचाऱ्यांसाठी पाच दिवसांचा आठवडा मंजूर केला आणि २९ फेब्रुवारीपासून तो लागू झाला. कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५ झाली. तेव्हा शासनाने दिलेला हिशोब असा :

- आधी : वर्षाला २८८ दिवस × ७ तास १५ मिनिटे = २,०८८ तास
- नंतर : वर्षाला २६४ दिवस × ८ तास = २,११२ तास

मुलांना वजाबाकी करू द्या. दिवस २४ ने कमी झाले आणि तास २४ ने वाढले! म्हणजे आठवडा छोटा झाला की मोठा? दिवसांनी छोटा, तासांनी किंचित मोठा. "कामाचा आठवडा कमी केला" असं वाचलं की आधी विचारायचं : दिवस कमी झाले का तास?

दुसरं उदाहरण लगेच देता येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवली. ४८ भागिले १२ म्हणजे ४. कागदावर चार दिवसांचा आठवडा झाला, पण तासांत एका मिनिटाचीही कपात नाही. सुपा किंवा नागापूर एमआयडीसीत ज्यांचे आईवडील कामाला आहेत, त्या मुलांना हा भागाकार लगेच समजेल.

३. शाळा यात का नाही?

२०२० च्या निर्णयातून अत्यावश्यक सेवा, शासकीय रुग्णालयं, पोलीस यांच्याबरोबर शाळा-महाविद्यालयंही वगळली होती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन सांगितलं आहे. शिक्षकांसाठी तयारीसह आठवड्याला किमान ४५ तास. सहा दिवसांत ते रोज साडेसात तास होतात, पाच दिवसांत रोज नऊ. शनिवार हवा असेल तर हे नऊ तास कुठून आणायचे, याचं उत्तर आपल्याकडे तयार हवं.

शिवाय शाळेचा शनिवार फक्त शिक्षकांचा नसतो. शनिवारी शाळा नसेल तर पोषण आहाराचं एक जेवण कमी होतं. आई-वडील दोघेही रोजंदारीवर असतील तर लहान पोर कोणाकडे राहणार? उलट बाजूही खरीच आहे. थकलेला शिक्षक शनिवारी किती शिकवतो? तो दिवस पाठाच्या तयारीला मिळाला तर सोमवारचा तास सुधारेल का? दोन्ही बाजू पटतात. नुसता वाद घालून निकाल लागणार नाही, मोजूनच पाहावं लागेल.

४. जगाने कसं मोजलं आणि पैसे कोणी दिले

हा आजच्या पाठाचा गाभा. चार उदाहरणं घ्या आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा : पैसे कोणाचे? आणि त्यामुळे उत्तरावर काही परिणाम होऊ शकतो का?

*सरकारची गरज.* पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत बायका-पुरुष आठवड्याला ७०-७० तास काम करत. सरकारने १९१५ मध्ये या कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमली. समितीच्या संशोधकांनी तास आणि उत्पादन दोन्हींच्या नोंदी ठेवल्या. सुमारे शंभर वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हेल यांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत होतं, त्यापुढे वाढ मंदावत गेली. ७० तास काम करणाऱ्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. जपून ठेवलेली नोंदवही शंभर वर्षांनीही उपयोगी पडते, हेही मुलांना सांगा.

*उद्योगाचा रस.* १९२४ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड वाढवला तर काम वाढतं का, हे पाहणारे प्रयोग झाले. त्यांना वीज-उद्योगाचं पाठबळ होतं. उजेड जास्त लागतो असं सिद्ध झालं तर दिवे कोणाचे विकले जाणार, ते मुलं बरोबर सांगतात! गंमत अशी की निकाल दिव्यांच्या बाजूने स्पष्ट लागलाच नाही. आपल्याकडे कोणी लक्ष देतंय म्हणून माणसं वेगळी वागतात, या कल्पनेला पुढे 'हॉथॉर्न परिणाम' हे नाव पडलं. तो परिणाम सांगतात तेवढा मोठा नव्हता, असं नंतरच्या फेरतपासणीत दिसलं. पण धडा टिकून आहे : प्रयोग चालू असताना आलेला उत्साह आणि कायमचा बदल या वेगळ्या गोष्टी आहेत.

*मोहिमेचा प्रयोग.* २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ६१ कंपन्यांनी, सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांसह, सहा महिने पगार न कापता काम कमी करून पाहिलं. कमी दिवसांचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांनी हा प्रयोग घडवून आणला आणि केंब्रिज व बोस्टन कॉलेजच्या संशोधकांनी मोजणी केली. ७१ टक्के कर्मचाऱ्यांनी कामाचा थकवा व वैताग कमी झाल्याचं सांगितलं. ५६ कंपन्यांनी प्रयोग पुढे चालू ठेवला. आकडे छान आहेत, पण या कंपन्या आपणहून पुढे आल्या होत्या आणि बरंचसं उत्तर कर्मचाऱ्यांच्या सांगण्यावर होतं. आवडीने गणिताच्या शिकवणीला आलेल्या मुलांचे गुण पाहून सगळ्या शाळेचा निकाल सांगता येत नाही, तसंच हे.

*सार्वजनिक पैसा.* आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात रेक्याविक महापालिका आणि राष्ट्रीय सरकारने सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांचे तास ४० वरून ३५-३६ वर आणून पाहिले. पगार तोच ठेवला. स्पेनने लहान-मध्यम कंपन्यांना असा प्रयोग करता यावा म्हणून १ कोटी युरोंचा निधी जाहीर केला, म्हणजे कंपनीला पैसे दिले. पोर्तुगालने २०२३ च्या प्रयोगात कंपन्यांना भरपाई दिली नाही. मार्गदर्शन आणि मोजणी यांचीच व्यवस्था केली. वर्गात यावर चर्चा घ्या. पैसे मिळतात म्हणून आलेली कंपनी आणि पैसे न घेता आलेली कंपनी, कोणाच्या निकालावर जास्त विश्वास ठेवाल? आणि गरीब उद्योगाला पैशाशिवाय यात येता येईल का? एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून चर्चा रंगते.

५. आपल्याकडे संधी आली आणि हुकली

२९ फेब्रुवारी २०२० ला राज्यातल्या लाखो कर्मचाऱ्यांचा आठवडा एकाच दिवशी बदलला. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे ताडून पाहायला याहून मोठी संधी कुठली? पण महिनाही झाला नाही तोच २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. त्यानंतर कार्यालयांत जे बदललं ते पाच दिवसांमुळे का कोरोनामुळे, हे वेगळं काढणं अवघड झालं. शिवाय सगळ्यांना एकदमच लागू केल्यामुळे तुलनेला तसाच दुसरा गट उरला नाही.

सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला अनुदान देणारी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ पासून आहे. श्रमविषयक संशोधनासाठी नोएडाला व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आहे. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे. म्हणजे संशोधनाची घरं आहेत. हवं ते एवढंच की निर्णयाच्या फाईलमध्येच मोजणीचा खर्च धरला जावा. नंतर मोजायला गेलं तर 'आधीचं' चित्र हातात उरत नाही.

समजा, शाळांना शनिवार द्यायचा का हे आपल्या जिल्ह्यात ठरवायचं आहे. आपले १४ तालुके. १४ चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, ७ काढा. त्या सात तालुक्यांत एक वर्ष पाच दिवस शाळा, उरलेल्या सातांत आहे तशीच. दोन्हीकडे मुलांची हजेरी, वाचन-गणिताची पातळी, शिक्षकांचा थकवा, जेवण, आणि मुलं शनिवारी कुठे असतात हे सारखंच मोजा. चिठ्ठीच का? कारण आपण निवडले तर सोयीचे तालुके निवडू. अकोल्याची डोंगरातली शाळा, पाथर्डीची ऊसतोडीच्या काळात रिकामी होणारी शाळा आणि नगर शहराजवळची शाळा यांचं उत्तर एकच असेल असं नाही.

६. ज्यांच्या आठवड्याला शनिवारच नाही

हा भाग वगळू नका. ऊसतोड कामगार हंगाम सुरू झाला की कोयता घेऊन बाहेर पडतात. मजुरी टनावर मिळते. संगमनेरच्या बिडी कामगार बायकांची मजुरी हजार बिड्यांवर ठरते. अशा ठिकाणी दिवस कमी म्हणजे पैसे कमी. "पगार तोच, दिवस कमी" हे वाक्य महिन्याच्या पगारवाल्यांसाठीच बनलेलं आहे. त्यांच्यासाठी प्रश्न बदलतो : दर किती असावा, म्हणजे एक दिवस बसूनही चूल पेटेल?

आणि घरातली आई? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकाम करतात आणि असे पुरुष ८८ मिनिटे. घरातल्यांना सुट्टी असते त्या दिवशी हे २८९ कमी होतात का वाढतात, हे मुलांना घरी जाऊन बघायला सांगा.

७. वर्गात करायचा उपक्रम

खर्च : एक वही आणि सात दिवस.

१. प्रत्येक मुलाने घरातल्या एका मोठ्या माणसाच्या कामाचे तास सात दिवस लिहायचे. त्यांना आधी विचारायचं. नाव आणि कमाई लिहायची नाही.
२. कामाचा प्रकार लिहायचा : नोकरी, शेती, दुकान, मजुरी, घरकाम.
३. वर्गात प्रकारानुसार सरासरी काढायची आणि स्तंभालेख करायचा.
४. शेवटी तीन ओळी : "यावरून काय कळलं? काय कळलं नाही? ते कळायला आणखी काय लागेल आणि त्याला किती खर्च येईल?"

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "काय कळलं नाही" हे प्रामाणिकपणे लिहिणारं मूल अर्धं संशोधक झालंच. पालकहो, वहीत तुमचे तास लिहायला मूल आलं तर खरे आकडे सांगा. आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत आईचा रकाना सगळ्यात लांब निघाला, तर रविवारी त्यावर घरात बोलायला हरकत नाही.