नडगीला वेळ दे

चि. बाळास,


नडगीला प्लास्टर घातल्यापासून तू ‘कामावर कधी जाऊ’ एवढंच विचारतोस, असं ताई फोनवर म्हणाली. लूमवर धागा तुटला की तू गाठ मारून क्षणात साचा चालू करतोस. हाडाचं तसं नाही. डॉक्टरांनी हाड सरळ बसवून प्लास्टरमध्ये धरून ठेवलंय. जोडायचं काम शरीराचं, आणि त्यासाठी तिथवर रक्त पोचलं पाहिजे.

दुसऱ्या पायाच्या नडगीवरून पुढून बोट फिरव. कातडीखाली थेट हाडच लागतं. भोवतालच्या मांसातून हाडाला रक्ताचा मोठा आधार मिळतो. इथे, त्यातही घोट्याकडे, मांसच कमी. म्हणून मनगट दीड-दोन महिन्यांत जुळतं, पण नडगी तीन-चार महिने घेते, कधी जास्तही.

मोडल्या जागी आधी रक्त साकळतं. सूज आणि ठणका म्हणजे दुरुस्तीची सुरुवातच. मग त्या गाठीत बारीक रक्तवाहिन्या शिरतात, दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ सांधा धरतो आणि पुढे त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. जखमेचा व्रण कातडीवर जन्मभर राहतो. हाड मात्र पुन्हा हाडानेच भरून येतं. वॉर्डातल्या एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतरही मला याचं नवल वाटतं.

आता तंबाखू. रात्रपाळीत जागं राहायला सगळेच खातात, ठाऊक आहे मला. पण निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. पुडी आजच टाक. विडीही नको. बाळा, यात मी तुझं काही ऐकणार नाही.

कुणी म्हणेल, प्लास्टर काढ, हाडवैद्याकडून पट्ट्या बांधून घे. असा करकचून बांधलेला, काळा पडलेला पाय मी वॉर्डात पाहिलाय. तरणा मुलगा होता. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. प्लास्टरनेही असं होऊ शकतं. बोटं पांढरी-निळी पडली, बधिर झाली, किंवा पाय उंच ठेवूनही कळ वाढतच गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठ. सकाळपर्यंत थांबायचं नाही, काही तासांत मांस मरतं.

एरवी पाय उशीवर ठेव आणि बोटं दिवसभर हलवत राहा. बाजरीच्या भाकरीबरोबर डाळ, अंडी, दूध असू दे. पेरू नाहीतर आवळा रोज खा. हाडाचा मूळ सांगाडा प्रथिनांचा असतो, तो विणायला क जीवनसत्त्व लागतं. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी भागत नाही.

डॉक्टर सांगतील तेव्हा मात्र भीती न बाळगता पायावर भार दे. भार पडेल तसं हाड स्वतःला घडवतं, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 साली मांडलं. जोडाजवळ टेंगूळ लागेल, ते पुढे झिजत जाईल.

एक्स-रेचे फोटो मला पाठवत जा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फट आधीपेक्षा रुंद दिसली तर घाबरू नकोस. मेलेल्या कडा शरीर आधी साफ करतं आणि नवा मऊ सांधा एक्स-रेत दिसत नाही. सहाव्या आठवड्याचा फोटो आला की दोन्ही शेजारी ठेवून फोनवर बोलू.

तुझी,
मावशी