घर पाहावे पावसाळ्यात, राहायला यावे थंडीत

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा मुलांजवळ राहण्यासाठी येणाऱ्या कुटुंबांचे स्थलांतर बहुधा मे आणि जून या महिन्यांत घडते, कारण शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि भाड्याच्या घरांचे करारही त्याच बेताने केले जातात. ही सोय समजण्यासारखी असली, तरी नव्याने येणाऱ्या शरीराच्या दृष्टीने हा काळ वर्षातील सर्वांत अवघड असतो. उष्ण कटिबंधातील शहरासाठी योग्य ऋतू निवडताना केवळ तापमान पाहून भागत नाही. त्या ऋतूत कोणते आजार बळावतात आणि येणाऱ्या व्यक्तीची प्रकृती कशी आहे, या दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

नवे हवामान शरीराच्या अंगवळणी पडण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर व अधिक येऊ लागतो, घामातून जाणारे मिठाचे प्रमाण घटते आणि हृदयावरील ताण हळूहळू कमी होतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात सरत्या ऋतूचा अखेरचा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा यांना मिळून ऋतुसंधी म्हटले असून, या काळात आहारविहार क्रमाक्रमाने बदलावा असे सांगितले आहे. शहर आणि ऋतू एकाच वेळी बदलले, की शरीराला हे जुळवून घेणे दुप्पट कठीण जाते, आणि मे-जूनच्या संधीवर नेमके हेच घडते.

ठाणे खाडीकाठी वसलेले असल्याने दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांचा दिलासा तेथे लवकर मिळतो, तर कल्याण-डोंबिवलीपर्यंत ते वारे उशिरा व मंदावून पोहोचतात. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे तापलेले वारे वाहू लागले, की कल्याण-बदलापूर पट्ट्यात पारा काही दिवस ४० अंशांच्या पुढे जातो. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो; मैदानी प्रदेशासाठी हीच मर्यादा ४० अंशांची आहे. हा फरक दमटपणामुळे पडतो, कारण हवेत बाष्प अधिक असले की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. विदर्भातील कोरड्या उन्हाची सवय असलेल्या ज्येष्ठांनाही इथल्या कमी तापमानात त्रास होतो, त्याचे कारण हेच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने झालेल्या मृत्यूंनी या दमट उन्हाची तीव्रता दाखवून दिली. उष्माघात म्हणजे शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन शुद्ध हरपणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे. अशा रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने रुग्णालयात हलवावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी मार्च ते मे या काळात येण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी.

मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास दाखल होतो. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठच्या वस्त्यांना पुराचा धोका असतो. २६ जुलै २००५ रोजी कल्याण व बदलापूर परिसर पाण्याखाली गेला होता आणि २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळले असल्यास लेप्टोस्पायरा नावाचे जीवाणू पायाच्या जखमांतून शरीरात शिरतात आणि साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना व डोळ्यांत लाली दिसू लागते. यालाच लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. अशा पाण्यातून चालावे लागले असल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे, म्हणजे गरजेनुसार प्रतिबंधक औषध देता येते. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते व जखम लक्षातही येत नाही, त्यामुळे त्यांनी हा नियम कटाक्षाने पाळावा. दूषित पाण्यातून पसरणारे विषमज्वर आणि कावीळ हे आजारही याच काळात वाढतात, आणि काविळीचा ‘ई’ हा प्रकार गर्भवतींना विशेष घातक ठरतो.

पाऊस थांबल्यावर धोका संपतो, ही समजूत खरी नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, घरातील स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून पूर्ण डास तयार होण्यास त्याला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. शहरी मलेरियाचा अॅनोफिलीस डास गच्चीवरील टाक्या, विहिरी आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात वाढतो. घोडबंदर पट्टा किंवा कल्याणच्या नव्या वसाहतींमध्ये शेजारी बांधकाम सुरू असणे नित्याचेच असल्याने ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. शिवाय ऑक्टोबरची उष्णता आणि जमिनीत मुरलेला ओलावा यांमुळे हा महिना थकवा आणणारा असतो. म्हणून स्थलांतराचा मुहूर्त दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे धरणे श्रेयस्कर ठरते.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बहुसंख्य लोकांसाठी, तसेच केवळ भेटीला येणाऱ्या ज्येष्ठांसाठी, सर्वांत सुखावह असतो. मात्र दमा किंवा श्वासनलिकांचा जुना आजार असणारे याला अपवाद आहेत. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची हवा उबदार होते, वारा मंदावतो आणि धूळ व धूर खालीच कोंडून राहतात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ आणि वर्दळीच्या महामार्गांलगत याचा त्रास अधिक जाणवतो. अशा रुग्णांनी फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडावा, किंवा हिवाळ्यातच यायचे झाल्यास फवाऱ्याचे औषध नियमित ठेवून पहाटेचे फिरणे ऊन पडल्यानंतर करावे.

घर पाहण्याचा ऋतू मात्र राहायला येण्याच्या ऋतूपेक्षा वेगळा असावा. जानेवारीत प्रत्येक घर कोरडे, प्रत्येक रस्ता मोकळा दिसतो. घराचे आरोग्य जुलैमध्ये कळते. पावसाच्या सलग सरींनंतर भिंतींना ओल येते का, कपाटामागे बुरशी धरते का, इमारतीच्या फाटकाशी पाणी किती चढते, जमिनीखालच्या टाकीत गटाराचे पाणी शिरण्याची शक्यता आहे का, आणि त्या दिवशी रुग्णालयापर्यंत पोहोचता येते का, हे सर्व एका भेटीत पाहता येते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही पालिकांची रुग्णालये पसंत केलेल्या घरापासून किती दूर आहेत, याचीही नोंद तेव्हाच घ्यावी. बुरशीमुळे मुलांचा दमा बळावतो, त्यामुळे ओल धरणारे घर स्वस्त भाड्यातही महागच पडते.

शाळेमुळे जूनमध्येच यावे लागणाऱ्या कुटुंबांनी निराश होण्याचे कारण नाही. शक्य असल्यास मेच्या प्रारंभीच येऊन पाऊस सुरू होण्यापूर्वी शरीराला दमटपणाची सवय होऊ द्यावी, पहिले दोन आठवडे श्रमाची कामे सकाळी किंवा संध्याकाळी उरकावीत, पाणी उकळून प्यावे, विषमज्वराच्या लसीबाबत आधीच विचारणा करावी आणि आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून पिंप, कुंड्यांखालच्या बशा व कूलर रिकामे करून घासून पुसावेत, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही अनेक महिने टिकतात. ताप आल्यास पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नये, दुसऱ्या दिवशीही ताप असेल तर रक्त तपासावे, आणि ताप उतरत असताना पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी काहीही आढळल्यास घरी न थांबता रुग्णालय गाठावे, कारण डेंग्यूमध्ये ताप उतरण्याचा काळच सर्वाधिक जोखमीचा असतो.