प्रवेशाचा अर्ज भरला आणि नोकरी गेली

व्यापारी घरांतील मुले आता व्यवस्थापन शिक्षणाकडे वळू लागली आहेत. यांतील बरीच मुले नोकरी सांभाळून प्रवेश परीक्षेची तयारी करतात. अर्ज भरल्यावर मध्येच नोकरी गेली तर काय करावे? आमच्या पुतण्यावर हीच वेळ आली होती.

तयार कपड्यांच्या एका कंपनीत तो एप्रिल 2022 पासून हिशेबखात्यात होता. 'कॅट'चा अर्ज त्याने सप्टेंबर 2024 मध्ये भरला. ऑक्टोबरमध्ये कंपनीने माणसे कमी केली, त्यांत हाही गेला. परीक्षा 24 नोव्हेंबरला. पंधरा दिवस त्याने पुस्तक उघडले नाही.

भाईजान दुकानात आले. म्हणाले, "तुझ्या लेटरहेडवर लिहून दे, मुलगा ऑक्टोबरपासून तुझ्याकडेच कामाला आहे. खंड दिसायला नको." खरे सांगतो, आमचा हात लेटरहेडकडे गेला होता. घरचेच मूल! पण पगाराची बँकेतील नोंद पुढे मागतात, आणि कागद खोटा निघाला तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. आम्ही नाही म्हणालो. भाईजान महिनाभर आमच्याशी नीट बोलले नाहीत.

वास्तविक नुकसान वाटले तेवढे नव्हते. संस्था अनुभवाचे महिने एका ठरावीक तारखेपर्यंत मोजतात. काही ठिकाणी ती तारीख अर्जाच्या वर्षातील 31 जुलै असते. म्हणजे मुलाचे 28 महिने जागच्या जागी होते. प्रत्येक संस्थेचे प्रवेश-धोरण छापलेले असते, ते आधी वाचावे. मुलाखतीपूर्वी बहुतेक संस्था पुन्हा माहिती मागतात, तेथे बदललेली स्थिती लिहावी.

कागद मात्र शेवटच्या दिवशीच हातात घ्यावेत : कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला, पगाराच्या पावत्या. फॉर्म 16 नंतर आठवणीने मागावा. कपातीत कित्येकदा "राजीनामा लिहून द्या" असे सांगतात. घाईने सही करू नये. कपातीमुळे सेवा संपली, असे पत्रात लिहून मागावे.

परीक्षा झाल्यावर 1 डिसेंबरपासून आम्ही त्याला खरोखरच कामावर घेतले, पगार बँकेतून. त्या वर्षी आमच्या बाजारात 45 दिवसांच्या नियमाची धास्ती होती. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेला हा आयकराचा नियम असा : सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या मागवाल्याचे बिल लेखी करार असल्यास 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत चुकते करावे, नाहीतर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत ती रक्कम खर्चात धरली जात नाही. आम्ही तीस वर्षे तोंडी उधारीवर भिवंडीचे ग्रे कापड उचलत आलो. कोणता मागवाला नोंदलेला आहे, हेच आम्हाला माहीत नव्हते! पोराने एकेकाकडे जाऊन नोंदणीचे कागद आणले, बिले तारखेप्रमाणे लावली, करार लिहून घेतले.

फेब्रुवारी 2025 मध्ये मुलाखत झाली. विचारले, "नोकरी का सोडली?" तो म्हणाला, "सोडली नाही, गेली. कंपनीने विभाग लहान केला, हे पत्र." जुन्या मालकाविषयी वावगा शब्द नाही. नंतरचे सगळे प्रश्न मागवाल्यांच्या बिलांवरच आले. एका संस्थेने नाकारले, दुसरीने घेतले. जूनमध्ये निघताना दोन बिलांची मुदत गुरुवारी संपते, असे तो आम्हाला बजावून गेला.