क्रियापदाच्या पोटातले ‘जे’

‘जे पुस्तक पडले ते माझे आहे’ हे वाक्य पाहा. यात दोन वाक्ये आहेत आणि ‘जे’ व ‘ते’ ही सर्वनामे त्यांना जोडतात. पूर्व आफ्रिकेत टांझानिया, केनिया या देशांत बोलली जाणारी स्वाहिली हेच काम कसे करते, ते आज पाहू.

स्वाहिलीत पुस्तकाला ‘किताबु’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? तो मूळचा अरबी. पण स्वाहिलीने त्यातील ‘कि’ ही आपल्या एका नामगटाची खूण मानली आणि अनेकवचन केले ‘विताबु’!

‘किताबु किलिआंगुका’ म्हणजे पुस्तक पडले. क्रियापद फोडून पाहा. ‘कि’ ही पुस्तकाच्या गटाची खूण, ‘लि’ ही भूतकाळाची आणि ‘आंगुका’ म्हणजे पडणे. आता ‘लि’नंतर ‘चो’ घाला (‘चहा’तला च). ‘किताबु किलिचोआंगुका नि चांगु’ म्हणजे जे पुस्तक पडले ते माझे आहे. ‘जे’ क्रियापदाच्या पोटात शिरले आणि ‘ते’ची गरजच उरली नाही!

माणसांच्या गटाची खूण ‘अ’ आणि तिचे सर्वनाम ‘ये’. ‘म्तोतो’ म्हणजे मूल. आता हे दोन शब्दसमूह ताडून पाहा :

१. किताबु चा म्तोतो किलिचोआंगुका
२. किताबु चा म्तोतो अलियेआंगुका

पहिल्यात मुलाचे पुस्तक पडले आहे. दुसऱ्यात पुस्तक जागेवरच आहे, मूल पडले आहे! शब्दांचा क्रम तोच. कोण पडले हे केवळ क्रियापदातील खुणा सांगतात.

रोजच्या बोलण्यात हे सर्वनाम ‘अंबा’ला जोडून वेगळेही काढतात : ‘किताबु अंबाचो किलिआंगुका’. ‘पुस्तक पडले आहे’ यासाठी ‘लि’ऐवजी ‘मे’ येतो. ‘मे’ असलेल्या क्रियापदाच्या पोटात सर्वनामाला जागा नसते. तिथे ‘अंबाचो किमेआंगुका’ असेच म्हणावे लागते.

आता एक प्रश्न. ‘म्वालिमु’ म्हणजे शिक्षक. मग ‘म्तोतो वा म्वालिमु अलियेआंगुका’ यात कोण पडले? मूल आणि शिक्षक दोघेही माणसांच्या गटातले. त्यामुळे ‘ये’ दोघांनाही लागू पडतो आणि उत्तर संदर्भावरूनच ठरवावे लागते. मराठीत मात्र ‘शिक्षकांचे जे मूल पडले’ आणि ‘जे शिक्षक पडले त्यांचे मूल’ असा भेद करता येतो. तो कशामुळे साधतो, वहीत लिहून पाहा.