नकाशामागचा तक्ता

२०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरला आली होती, ही हकीकत तुम्ही घरी ऐकली असेल. पहिल्या खेपेस दहा डबे होते आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले होते आणि विहिरींनीही तळ गाठला होता.

जमिनीखालचे पाणी मात्र एका दिवसात नाहीसे होत नाही. ते हळूहळू खाली जाते आणि हे खाली जाणे मोजता येते. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम करते. निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा पाहिली जाते. पातळी म्हणजे जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर. आकडा जितका मोठा, तितके पाणी खोल. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

समजा, तुमच्या शाळेने औसा तालुक्यातील काही विहिरी अशाच मोजल्या आणि महाजालावरील नकाशावर ठिपक्यांनी दाखवल्या. नकाशा सुरेख दिसेल. पण कोणी विचारले की, "मे महिन्यात आपल्या तालुक्यात पाणी सरासरी किती खोल होते?" तर नुसते ठिपके काय उत्तर देणार? उत्तर असते ते ठिपक्यांमागच्या तक्त्यात. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या तक्त्याची एक ओळ: विहिरीचे नाव, अक्षांश, रेखांश, तारीख, खोली. म्हणून चांगल्या नकाशाला दोन बटणे हवीत. एक 'अहवाल' देणारे आणि दुसरे 'माहिती उतरवून घ्या' असे सांगणारे.

अहवालाचे बटण दाबले की, संगणकाला प्रथम ठरवावे लागते की कोणती विहीर तालुक्याच्या सीमेच्या आत आहे. आपण डोळ्यांनी पाहून सांगतो. संगणकाला डोळे नाहीत. त्याची युक्ती मोठी गमतीची आहे. विहिरीपासून पूर्वेकडे एक सरळ रेषा दूरवर काढायची आणि ती सीमारेषेला किती वेळा छेदते ते मोजायचे. संख्या विषम आली तर विहीर आत, सम आली तर बाहेर. सीमा कितीही वेडीवाकडी असो, हा नियम लागू पडतो.

विहिरी निवडल्या की सरासरी काढणे सोपे. खरा घोटाळा येथेच होतो. पाच विहिरींपैकी चारांत पाणी ६, ८, ९ आणि १२ मीटरवर आहे आणि पाचवी, १५ मीटर खोल असलेली, कोरडी आहे असे माना. कोरड्या विहिरीत पातळी मोजायची कशी? नोंदवणाऱ्याने रकाना रिकामा ठेवला. संगणकाने तो सोडून दिला तर सरासरी ८.७५ मीटर येते. रिकाम्या जागी शून्य मानले तर ती ७ मीटरवर येते, म्हणजे पाणी चक्क वर आले! शून्य खोली म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली, नाही का? वस्तुतः पाचव्या विहिरीचे पाणी १५ मीटरच्याही खाली गेले आहे, म्हणजे सरासरी १० मीटरपेक्षा जास्त आहे. ज्या गावाला टँकर सर्वांत आधी हवा, तेच गाव अशा अहवालात सुखी दिसेल. म्हणून अहवालात सरासरीच्या शेजारी मोजलेल्या विहिरींची संख्या, कोरड्या विहिरींची संख्या, तारीख आणि एकक हे छापलेच पाहिजे. माझ्या मते याविना दिलेली सरासरी न दिलेलीच बरी.

नांदेड जिल्ह्यासाठी आणखी एक पथ्य पाळावे. पश्चिमेकडे काळा बेसॉल्ट खडक, तर देगलूर-बिलोलीच्या बाजूस ग्रॅनाइट आढळतो. दोन्ही खडकांत पाणी साठण्याची रीत निराळी असल्याने साऱ्या जिल्ह्याची एकच सरासरी फारसे काही सांगत नाही.

आता दुसरे बटण. माहिती उतरवण्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे सीएसव्ही फाइल: साधा मजकूर, रकान्यांमध्ये स्वल्पविराम. जिओजेसन हा प्रकार खास नकाशांसाठी आहे. त्यात आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, बोलताना आपण उलट बोलतो. लातूर आहे सुमारे १८.४ उत्तर, ७६.६ पूर्व. हे आकडे उलटे पडले की लातूरची विहीर थेट आर्क्टिक महासागरात, स्पिट्सबर्गन बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडते! नांदेडही तिच्यापासून फार दूर पडत नाही.

मराठी नावांचीही अशीच गत होते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. फाइल उघडणाऱ्या प्रणालीने दुसरीच पद्धत गृहीत धरली, तर 'औसा'च्या जागी परक्या लिपीतील खुणांची रांग उमटते. माहिती बिघडलेली नसते, वाचण्याची पद्धत चुकलेली असते.

करून पाहा: आलेख-कागदावर तालुक्याची सीमा काढा, आत-बाहेर दहा ठिपके द्या आणि पट्टीने पूर्वेकडे रेषा ओढून सम-विषमाचा नियम तपासा. रेषा नेमकी सीमेच्या एखाद्या कोपऱ्यातून गेली, तर तो छेद एकदा मोजाल की दोनदा? दोन वेगवेगळ्या आकारांचे कोपरे घेऊन ठरवा.