लोणारचा खड्डा आणि शास्त्राची पावले

कीर्तन आटोपले आणि मंडळी ओट्यावर टेकली, की एक प्रश्न हमखास निघतो. शास्त्रज्ञ काल एक सांगत होते, आज दुसरे सांगतात, उद्या तिसरे सांगतील. मग त्यांच्या बोलण्यावर भरवसा तो काय ठेवायचा? प्रश्न रोकडा आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आणि आम्हां मेहकरकरांना त्याच्या उत्तरासाठी लांब जायचेही कारण नाही. पैनगंगेकाठच्या आपल्या गावाहून दक्षिणेस सात-आठ कोसांवर लोणार आहे. पंढरीहून परतताना शेगावची पालखी लोणारावरून मेहकरास येते, त्यामुळे वारकऱ्यांच्या नजरेखालचीच ही जागा.

लवणासुराची कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि दैत्यसूदनाचे देऊळ त्या कथेचेच. ती जे सांगते ते सांगतेच. पण खड्डा कशाने पडला, हे शेवटी दगडाला विचारावे लागते.

1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे बहुतेक विद्वान म्हणत आले की हा ज्वालामुखीचा खड्डा. त्यांचे म्हणणे वेडगळ नव्हते, बरं का. आपला सारा दख्खन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा; पायाखालचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हाच. त्यात पावणेदोन किलोमीटरांहून रुंद वाटोळा खड्डा दिसल्यावर दुसरे काय सुचावे?

आकाशातून काही पडले असेल, हे सुचणे मात्र अवघड होते. वरून दगड पडतात, हेच मुळी युरोपातील पंडितांना पटत नसे. शेतकरी सांगत आणि पंडित हसत. 1794 साली क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने हे दगड अंतराळातलेच, असे लिहिले, तर त्याचीही टवाळी झाली. मग 1803 च्या एप्रिलात फ्रान्समधील लेग्ल गावाभोवती भरदिवसा हजारो दगड पडले. बिओ नावाच्या शास्त्रज्ञाला तिकडे पाठविण्यात आले. त्याने खेडोपाडी फिरून साक्षी घेतल्या, दगड गोळा केले, तेव्हा हसणे थांबले. त्या वादात अडाणी ठरविलेला शेतकरी खरा निघाला, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

तरीही खड्ड्यांचे कोडे सुटले नाही. अमेरिकेत ॲरिझोना प्रांती असाच एक खड्डा आहे. 1896 साली गिल्बर्ट या नामवंत भूशास्त्रज्ञाने त्याचे लोणारशी साम्य दाखविले, पण तोही भूगर्भातील वाफेच्या स्फोटाकडेच वळला. 1960 साली ॲरिझोनाच्या खड्ड्यात प्रचंड दाबाखालीच तयार होणारे खनिज सापडले आणि निकाल उल्केच्या बाजूने लागला. मग लोणारकडे नव्याने पाहणे आलेच. भारतीय व अमेरिकन संशोधकांनी तळाशी भोके पाडून दगड वर काढले, आणि त्याचा निष्कर्ष 1973 साली प्रसिद्ध झाला. आपल्या काळ्या कातळात बारीक फिकट स्फटिक असतात. तळातल्या दगडांत त्यांची काच झालेली आढळली, तीही न वितळता. त्याला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीपाशी उष्णता मुबलक असते, पण क्षणार्धात स्फटिकाची काच करील असा दाब नसतो. तो वेगाने आदळणाऱ्या अशनीचाच. शिवाय काठावर वितळल्या दगडाचे काचेचे बारीक मणी मिळाले, आणि चंद्रावरून माणसांनी आणलेल्या मातीतही तसलेच मणी होते! चंद्रावरील खड्डेही कित्येक पंडित ज्वालामुखीचेच मानीत.

म्हणजे मत बदलले खरे, पण ते कुणाच्या लहरीने नाही. जमिनीतून साक्ष वर आली म्हणून. वयाचेही तेच झाले. आधीच्या एका मापनाने खड्डा सुमारे पन्नास हजार वर्षांचा ठरला होता. 2011 साली दगडातील आर्गॉन वायू मोजला तेव्हा वय निघाले सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे. दहापटींहून अधिक फरक! कुणी नाक मुरडील. आम्हांस मात्र आपलाच हिशेब पुन्हा तपासून चूक चारचौघांत मांडणारा माणूस भरवशाचा वाटतो.

एका खड्ड्याचे हे, तर अवघ्या विश्वाचे काय विचारावे? त्या वादात तर आपल्या कोल्हापूरचा माणूस होता. विश्व प्रसरण पावते आहे, हे हबलने 1929 साली दाखविले. त्याला आरंभ होता की नाही, यावर दोन तट पडले. आरंभ नाही, या बाजूने इंग्लंडातील हॉएल आणि त्यांचे शिष्य जयंत नारळीकर उभे राहिले. 1965 साली अंतराळात सर्व दिशांनी येणारी मंद ऊब सापडल्याचे जाहीर झाले. बहुतेकांनी ती आरंभीच्या तप्त अवस्थेची खूण मानली आणि पारडे महास्फोटाकडे झुकले. आज विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे धरतात. नारळीकरांनी आपली शंका सोडली नाही. 1993 साली हॉएल व बर्बिज यांच्यासह नवी मांडणी पुढे ठेवली. ते 2025 साली पुण्यात वारले. त्यांनीच पुण्यात उभारलेल्या आयुका संस्थेत महास्फोट मानणारे अभ्यासकही काम करीत आले आहेत.